गाण्यातलं ‘मला’ आणि गाण्यातलं ‘मी’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की माणसाला काय हवंय ते त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या आवडत्या गाण्यात लवकर सापडतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेताच आला नाही. आता वाटतंय की वाक्य जरा जास्तच झालं होतं, का ते खाली येईलच. पत्रांमधली गाण्यांची नावं मी गाळलीत, तुम्ही आपापलं गाणं डोक्यात ठेवून वाचा.

प्रश्न : ताई, मी सायकॉलॉजी घेऊन बीए करतेय. असाइनमेंट होती की एक लोकप्रिय गाणं घ्या आणि त्याचे शब्द मोटिव्हेशनच्या एखाद्या थिअरीने उलगडा. मी मास्लोचा पिरॅमिड घेतला, म्हणजे माणसाच्या गरजांची खालून वर जाणारी उतरंड, पाच मजले काढले आणि एकेक ओळ एकेका मजल्यावर बसवली, घर आलं की सुरक्षितता, मिठी आली की प्रेम, शिखर आलं की सेल्फ अ‍ॅक्च्युअलायझेशन. मॅडमनी कडेला लिहिलं, ‘वर्गीकरण झालं, विश्लेषण नाही.’ फरक काय तेच कळत नाहीये.

उत्तर : अगं, मॅडमनी बरोबर लिहिलंय, पण चूक फक्त तुझी नाही, तो पिरॅमिडच मुळात फसवा आहे. अब्राहम मास्लो या मानसशास्त्रज्ञाने 1943 साली मानवी प्रेरणेवरचा जो लेख लिहिला त्यात पिरॅमिडचं चित्र नाहीच, ते नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढलं आणि इतकं चिकटलं की आता मास्लो म्हटलं की त्रिकोणच डोळ्यापुढे येतो. त्रिकोण काढला की वाटतं खालचा मजला पूर्ण बांधल्याशिवाय वर जाताच येत नाही. मास्लो तर उलट सांगत होता की बहुतेक माणसांच्या सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्या भागलेल्या आणि थोड्या उरलेल्या असतात, आणि समजावण्यापुरते आकडेही त्याने स्वतःच टाकले होते, शारीरिक गरजा 85 टक्के भागलेल्या, सुरक्षितता 70, प्रेम 50, स्वाभिमान 40 आणि सेल्फ अ‍ॅक्च्युअलायझेशन म्हणजे आपल्यात जे आहे ते पुरतं उमलणं, ते जेमतेम 10. हे मोजून काढलेले आकडे नव्हेत हं, नुसतं उदाहरण, पण त्यावरून कळतं की त्याच्या डोक्यात जिना नव्हता, सगळ्या नळांना एकदमच कमी-जास्त दाबाने पाणी येतंय असं काहीतरी होतं.

आता तुझ्या गाण्याकडे. तू नामं शोधलीस, घर, मिठी, शिखर. क्रियापदं बघ. प्रेरणा म्हणजे ओढ, आणि ओढ नामात नसते, ती क्रियापदात असते. त्यातून मराठीत आपली एक मोठी सोय आहे जी इंग्रजी पुस्तकं वाचून लक्षातच येत नाही. आपल्याकडे हवंसं वाटणं हे बहुतेक ‘मला’ने होतं, मला हवं, मला वाटतं, मला आठवण येते, मला तहान लागते, म्हणजे ती गोष्ट येऊन आपल्याला गाठते, आपण काही केलेलं नसतं. करणं मात्र ‘मी’ने होतं, मी निघाले, मी सोडलं, मी ठरवलं. गाण्यात ‘मला’ कुठे संपतं आणि ‘मी’ कुठे सुरू होतं ते पेन्सिलने खूण करून बघ. गरज सांगणारं गाणं आणि त्या गरजेपायी काहीतरी करणारं गाणं या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि पिरॅमिडवर त्या एकाच मजल्यावर बसतात, तिथेच तुझं विश्लेषण अडलं.

करून दाखवते. खालच्या चार ओळी कुठल्या गाण्यातल्या नाहीत, उदाहरणासाठी मीच जुळवल्यात, तेव्हा काव्य म्हणून हसू नकोस.

तू थांब म्हणालास, मी थांबले
तू जा म्हणालास, मी गेले
कुणी पुसलं, तुला काय हवं
ओठांवर नाव तुझंच आलं

पिरॅमिडने वाचलं तर काय, प्रेमाचा मजला, झालं, पुढची ओळ. आता क्रियापदांनी वाच. ‘मी’ दोनदा येतो, थांबले आणि गेले, पण दोन्ही वेळा त्याच्या आधी ‘म्हणालास’ आहे. म्हणजे कृती तिची आणि हुकूम त्याचा. तिसऱ्या ओळीत पहिल्यांदाच कोणीतरी तिला तिची इच्छा विचारतं आणि तोही तो नाही, भलताच कुणी. आणि चौथ्या ओळीत तिने उत्तर दिलंय का? नाही. नाव ‘आलं’. तिने घेतलंसुद्धा नाही, आपोआप आलं. एवढ्याशा गाण्यात एकही गोष्ट तिने ठरवून केलेली नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांची सेल्फ डिटरमिनेशन थिअरी आहे, त्यांचं पुस्तक 1985 साली आलं. ते म्हणतात माणसाला मनातून तीन गोष्टी लागतात, स्वायत्तता म्हणजे हे मीच ठरवलं असं वाटणं, क्षमता म्हणजे हे मला जमतं असं वाटणं, आणि नातं म्हणजे मी कोणाची तरी आहे असं वाटणं. आपल्या चार ओळींत नातं काठोकाठ आणि स्वायत्तता शून्य. ऐकणाऱ्याला गळ्यात आवंढा येतो तो या हिशोबामुळे, नुसत्या ‘प्रेम’ या शब्दामुळे नाही.

आता गंमत बघ. दुसरी ओळ बदल, ‘तू जा म्हणालास, मी नाही गेले’. लगेच बंडखोर गाणं झालं ना? जॅक ब्रेमने 1966 मध्ये रिअ‍ॅक्टन्स नावाची कल्पना मांडली, स्वातंत्र्यावर कोणी हात टाकतंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट करायला बघतो जी करू नको म्हटलंय. तुझ्या वर्गातल्या बऱ्याच जणी इथे लिहितील की आता तिला स्वायत्तता मिळाली. मी लिहिणार नाही. कारण ‘म्हणालास’ अजून तिथेच आहे. तो जे म्हणेल ते करणं आणि तो जे म्हणेल त्याच्या उलट करणं, दोन्हीत पहिलं पाऊल त्याचंच. स्वायत्तता यायची तर ‘म्हणालास’ हा शब्दच ओळीतून जायला हवा. हे असं लिहिलंस की विश्लेषण झालं. आणि एक सांगते, असाइनमेंटमध्ये एकच थिअरी नीट वापर, पाच थिअरींची भेळ करू नकोस, मी दोन वापरल्या कारण मला कोणी मार्क देणार नाहीये.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. गेले दोन आठवडे एकच रडकं गाणं चालू आहे, रोज, इयरफोनमधून बाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने. गाण्यात नायिका म्हणते, तुझ्याशिवाय मी कोणीच नाही. तुम्हीच लिहिलंत की गाण्यात माणसाची गरज सापडते. मग मी काय समजायचं? तिचं काही बिनसलंय का?

उत्तर : हेच ते, माझं वाक्य जास्त झालं होतं म्हटलं ना. गाण्यातली नायिका वेगळी, गाणं लिहिणारा वेगळा आणि ऐकणारी तुमची मुलगी वेगळी. तिघांना एकाच माळेत ओवलं की घोटाळा होतो. गुप्तहेरकथा वाचणारा माणूस खून करायच्या विचारात असतो असं आपण मानत नाही, पण गाण्याच्या बाबतीत मात्र लगेच मानतो, का कोण जाणे.

आधी नायिकेचं बघू. तुझ्याशिवाय मी कोणीच नाही, या ओळीसाठी मास्लोकडे नेमका शब्द आहे. त्याने प्रेमाचे दोन प्रकार केले होते, एक कमतरतेतून येणारं, ज्यात समोरचा माणूस म्हणजे आपल्यातला खड्डा भरायची माती, आणि दुसरं समोरच्याच्या असण्यावरचं, ज्यात तो जसा आहे तसा बघूनच बरं वाटतं. लोकप्रिय गाण्यांत पहिल्या प्रकाराची चलती आहे यात नवल नाही. दुसऱ्या प्रकारात रडारड कमी, ध्रुवपदाला लागतो तसा ताण कमी, ‘तू आहेस, छान आहेस’ एवढ्यावर तीन कडवी ओढणं कठीण आहे बाई.

आता तुमच्या मुलीचं. उदास गाणं लोक मुद्दाम का ऐकतात यावर संशोधन झालेलं आहे. लिला तारुफ्फी आणि श्टेफान कोएल्श या दोघांनी 2014 मध्ये 772 जणांना हे विचारलं, आणि असली गाणी ऐकताना सगळ्यात जास्त वेळा जी भावना लोकांनी सांगितली ती दुःख नव्हतीच, ती होती नॉस्टॅल्जिया, गेल्या दिवसांची हुरहूर. शिवाय लोक म्हणाले की गाण्यातलं दुःख अनुभवता येतं पण त्याचे खऱ्या आयुष्यात भोग भोगावे लागत नाहीत, हाच त्यातला फायदा. म्हणजे ती कदाचित दुःखाची रंगीत तालीम करत असेल, कदाचित मैत्रिणीचं काही ऐकून तिच्यासाठी वाईट वाटून घेत असेल, कदाचित त्या गाण्यातली बासरीच आवडली असेल.

तुम्ही गाण्यावरून निदान करू नका, मुलीवरून करा. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास हे जागेवर असेल तर गाणं वाजू दे. त्यातलंही बदललेलं दिसलं, ती गप्प गप्प झाली किंवा जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलली, तर मात्र गाण्याचा विषय बाजूला ठेवून सरळ तिच्याशी बोला आणि समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका. आणि एकदा एक इयरफोन मागून तिच्याबरोबर ते गाणं ऐका ना. काही विचारू नका. नुसतं ऐका.

प्रश्न : रोज पहाटे उठून मोटिव्हेशनल गाण्यांची प्लेलिस्ट लावतो, तू जिंकशील, तू थांबू नकोस, दुनिया बघत राहील वगैरे. अंगावर काटा येतो. मग गाणी संपतात आणि मी तिथेच असतो. तीन महिने झाले, ज्या परीक्षेसाठी हे चाललंय तिचं पुस्तक अर्धंसुद्धा झालं नाही. गाणी चुकीची आहेत की मी?

उत्तर : गाणी चुकीची नाहीत, तुम्ही त्यांच्याकडून भलतं काम करून घेताय. ‘तू जिंकशील’ हे वाक्य परत वाचा. त्यात ‘मी’ नाही, ‘तू’ आहे, आणि भविष्यकाळ आहे. कोणीतरी दुसराच तुमच्याबद्दल भाकीत करतोय आणि तुम्ही ते ऐकताय.

अल्बर्ट बँडुराने 1977 मध्ये सेल्फ एफिकसीबद्दल लिहिलं, म्हणजे ‘हे मला जमेल’ हा विश्वास. तो कुठून येतो याच्या त्याने चार वाटा सांगितल्या, स्वतः करून बघितल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघणं, कोणीतरी ‘तुला जमेल’ सांगणं, आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यातली सगळ्यात पक्की वाट पहिली. तुमची प्लेलिस्ट तिसरी आणि चौथी धरून चालते, शब्दांनी हुरूप आणि तालाने काटा. पहिल्या वाटेवर तुम्ही गेलाच नाहीत, त्यामुळे विश्वास रोज पहाटे भरतो आणि रोज गळतो.

दुसरी गोष्ट जरा बोचेल. गॅब्रिएल ओटिंगन ही जर्मन मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच तपासतेय की गोड स्वप्नं रंगवल्याने माणूस कामाला लागतो का. हीदर कॅपेसबरोबर 2011 मध्ये तिने जे प्रयोग छापले त्यात छान छान भविष्य रंगवणाऱ्यांची ऊर्जा वाढायच्या ऐवजी कमी झालेली दिसली, आणि हे त्यांनी नुसतं विचारून नाही तर रक्तदाब मोजूनही बघितलं. जिंकल्याचं चित्र इतकं खरं वाटतं की शरीर जणू पोचल्यासारखं सैलावतं. तिचा उपाय असा की स्वप्नाला लगेच अडथळा जोडायचा. म्हणजे ‘दुनिया बघत राहील’ ऐकलंत की स्वतःला विचारा, आज मधे काय येणार आहे, आणि उत्तर फोन असेल तर गाणं संपल्या संपल्या तोच फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या.

गाणी टाकून देऊ नका मात्र. व्यायामाच्या बाबतीत तर बऱ्यापैकी दिसलंय की हलक्या किंवा मध्यम जोराच्या व्यायामात गाणं चालू असलं की दमणूक कमी जाणवते, जोर फार वाढला की मात्र शरीराची ओरड गाण्यापेक्षा मोठी होते. पुस्तक उघडायच्या आधी एक गाणं, एकच. सतरा नाही.

प्रश्न : रॅप गाण्यांत सारखं मी असा, मी तसा, माझ्यासारखा कोणी नाही. हा न्यूनगंडच ना?

उत्तर : कधी कधी असेल, पण इतकं झटकन नको. मास्लोने स्वाभिमानाच्या गरजेचे दोन भाग केले होते, एक स्वतःला आपण काही करू शकतो असं वाटणं आणि दुसरा लोकांनी मानणं. रॅपच्या ओळी या दोन ढिगांत टाकून बघा, ‘मी हे केलं’ एकीकडे आणि ‘मला सगळे ओळखतात’ दुसरीकडे, परत तेच मी आणि मला. डेव्हिड मॅकलेलंड या मानसशास्त्रज्ञाच्या भाषेत बोलायचं तर एकीकडे कर्तृत्वाची प्रेरणा आणि दुसरीकडे सत्तेची, म्हणजे दुसऱ्यावर छाप पाडायची. आणि एक गोष्ट या गाण्यांना नावं ठेवणारे विसरतात, रॅपमध्ये बढाई आणि पुरावा एकाच ओळीत असतात. मी शब्दांचा राजा आहे असं जो म्हणतो त्याला ते त्याच श्वासात यमक जुळवून दाखवावं लागतं. भाषण ठोकणाऱ्याला एवढं कुठे करावं लागतं?

प्रश्न : गाण्यांचे शब्द मोजून समाजाच्या प्रेरणा कळतात असं वाचलं. हे खरंच कोणी करतं का, की फेकाफेक?

उत्तर : करतात, आणि आजचं नाही ते. मॅकलेलंडचं 1961 चं पुस्तक आहे, त्याच्या कामात शाळेतल्या मुलांची वाचनपुस्तकं घेऊन त्यात कर्तृत्वाची भाषा किती येते हे मोजून ते त्या त्या देशाच्या आर्थिक वाढीशी ताडून बघितलं होतं. त्याच सुमारास नॉर्मन ब्रॅडबर्न आणि डेव्हिड बर्ल्यू यांनी इंग्लंडची जुनी नाटकं, समुद्रप्रवासाची वर्णनं आणि रस्त्यावर विकली जाणारी बॅलड गाणी घेतली, त्यातली कर्तृत्वाची भाषा मोजली आणि ती लंडनला येणाऱ्या कोळशाच्या आकड्यांशी, म्हणजे उद्योगधंद्याच्या वाढीशी, लावली. गाणं आणि कोळसा! मला ही जोडी भयंकर आवडते, निष्कर्ष कितपत टिकतो ते वेगळं.

अलीकडचं म्हणजे 2011 चं, नेथन डीवॉल आणि सहकाऱ्यांनी 1980 ते 2007 मधली अमेरिकेतली दर वर्षीची टॉप गाणी कॉम्प्युटरला देऊन शब्द मोजले. ‘मी, माझं’ वाढलेलं आणि ‘आम्ही, आपलं’ कमी झालेलं निघालं, त्यावरून त्यांनी लोक जास्त आत्मकेंद्री झाले असं सुचवलं. मला यात दोन शंका. एक तर त्याच काळात रॅप वर आलं, मग माणसं बदलली की गाण्याची जात बदलली? दुसरं, मशीनला टोमणा कळत नाही, ‘वा, काय प्रेम केलंस’ ही ओळ ते खुशाल आनंदात जमा करेल.

आणि मराठीत हा प्रयोग तसाच करायला गेलात तर फजिती होईल. आपण ‘आले’, ‘गेलो’ एवढंच म्हणतो, ‘मी’ गिळून टाकतो, तो क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असतो, मशीन ‘मी’ शोधत बसेल आणि हाती काही लागणार नाही. शिवाय आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत. ‘आम्ही निघालो’ म्हटलं की ऐकणारा दारातच राहतो, ‘आपण निघालो’ म्हटलं की तो बरोबर येतो. नात्याची गरज मोजायची तर या दोघांना एकत्र मोजून चालणारच नाही.

प्रश्न : मी गाणी लिहितो. आधी स्वतःसाठी लिहायचो, आता पैसे मिळतात आणि आता वही उघडावीशी वाटत नाही. ही कृतघ्नता आहे का?

उत्तर : नाही हो. 1973 चा एक प्रयोग आहे, मार्क लेपर आणि मंडळींचा. ज्या छोट्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, वर सोनेरी शिक्का आणि रिबीन. काही दिवसांनी परत पेनं समोर ठेवली तेव्हा हीच मुलं, बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात रमली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांचं असं झालं नाही. म्हणजे घात बक्षीस करत नाही, ‘त्यासाठी करतोय’ हे करतं. डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये असले 128 अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही आधी कबूल केलेल्या वस्तूरूप बक्षिसाने आतली गोडी कमी होते असंच दिसलं.

पैसे सोडा असं मी म्हणणार नाही, पैसे लागतात. पण एक वही अशी ठेवा जी कोणालाच दाखवायची नाही, ना निर्मात्याला ना घरच्यांना. मास्लोने त्या 1943 च्या लेखातच म्हटलंय की कवीने लिहिलंच पाहिजे, नाहीतर त्याला शेवटी चैन पडणार नाही. त्यात मानधनाचा विषय कुठे निघाला नव्हता.

प्रश्न : असं चिरफाड करून गाण्याचा रस जात नाही का?

उत्तर : माझा नाही जात. वरच्या चार ओळी जुळवताना मी स्वतःच त्या चालीत गुणगुणत बसले होते, आणि ‘म्हणालास’ खोडल्यावर चाल बसेना म्हणून तासभर अडून राहिले. तुमचा जात असेल तर सरळ पान उलटा.